बालकांच्या इंग्रजीचे मोजमाप

धरमपेठेत लक्ष्मीभवन चौकापासून झेंडा चौकाच्या बाजूस संध्याकाळी पायी निघाले म्हणजे दुतर्फा ज्या पाट्या दृष्टीस पडतात, त्यांत डॉक्टरांच्या पाट्यांखालोखाल इंग्रजी शिकविणाऱ्यांच्या पाट्यांचीच संख्या असावी. कोणी तीन वर्षांच्या मुलास इंग्रजी बोलावयास शिकवितो, कोणी उच्चार सुधारून देतो, कोणी मुलासमवेत त्याच्या आईलाही शिकवावयाचे पत्करतो. ह्या पाट्या वाचीत जाण्याची आम्हांस खोड आहे. हे सर्व लोक इंग्रजी देणारे. आमचा धंदा ते मोजण्याचा. सात-आठ वर्षांच्या पोराला इंग्रजी किती येते, ते कशावरून ओळखावे, आणि ओळखले असे आपण म्हणतो तेव्हा खरोखर काय ओळखलेले असते, ह्या तीन प्रश्नांत आमच्या आयुष्याची तीसाहून अधिक वर्षे गेली. धंदा विचारला असता आम्ही हे सांगतो, तेव्हा समोरचा गृहस्थ बहुधा म्हणतो, "म्हणजे पेपर तपासता." आम्हीही आता वाद घालीत नाही.

आमच्या पिढीचे इंग्रजी पाचव्या इयत्तेत सुरू झाले आणि घरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने वडिलांच्या देखरेखीखाली दृढ झाले. परीक्षा म्हणजे मराठी वाक्याचे इंग्रजी करणे व इंग्रजीचे मराठी करणे. त्यात ऐकणे नव्हते, बोलणे तर नव्हतेच. आणि कॉलेजात जाईपर्यंत इंग्रजी ही बोलण्याचीही भाषा आहे असा आम्हांस संशयही आला नाही. तथापि त्या परीक्षेत एक प्रामाणिकपणा होता. ती जे शिकविले तेवढेच विचारी, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाला विचारी. सात वर्षांच्या मुलाला परकी भाषा विचारावयाची वेळ आली तेव्हा हिशेब निराळा झाला. त्या मुलाला स्वतःची भाषाही अद्याप पुरती लिहिता येत नसते. त्याला प्रश्न वाचून उत्तर लिही म्हणावे, तर आपण त्याचे वाचन मोजतो की इंग्रजी? चित्र दाखवून बोल म्हणावे, तर त्याचे इंग्रजी मोजतो की त्याची भीड?

मुलांना मोजण्याचा उद्योग आपल्याकडे जुना आहे. फ्रान्समध्ये बिने ह्यांनी १९०५ साली आपली बुद्धिमापनाची श्रेणी रचली, ती ज्या मुलांना शाळेचा नेहमीचा अभ्यास झेपत नाही त्यांना हुडकून मदत करता यावी म्हणून. तिचा अमेरिकन अवतार हाती घेऊन धारवाडचे व्ही. व्ही. कामत ह्यांनी ती मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसविली, आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते आम्ही तरुणपणी वाचले. परक्या देशातील प्रश्न नुसते भाषांतर करून भागत नाही, इकडच्या मुलांना कोणती वस्तू माहीत असते व कोणती नसते हे आधी पाहावे लागते, हा त्यातला धडा आम्ही टिपण काढून ठेवला. टिपण काढून ठेवलेला धडा माणूस किती विसरतो, हे पुढे येईलच.

१९८६ च्या सुमारास आम्ही हैदराबादच्या इंग्रजी व परकी भाषांच्या केंद्रीय संस्थेत काही काळ शिकण्यास होतो. त्या वेळी तेथे एकच विषय गाजत होता, तो बंगळूरच्या प्रयोगाचा. न. स. प्रभू ह्यांनी १९७९ ते १९८४ ह्या काळात दक्षिणेतील काही साध्या शाळांत मुलांना व्याकरण मुळीच न शिकविता, नकाशा वाचणे, वेळापत्रक लावणे अशी कामे इंग्रजीतून करावयास देऊन इंग्रजी येते का, हे पाहिले होते. प्रयोग संपत आल्यावर बेरेट्टा व डेव्हिस हे दोघे तो तपासावयास आले आणि मोठ्या पेचात पडले. एका पद्धतीने शिकलेल्या मुलाला दुसऱ्या पद्धतीचा पेपर दिला तर तो पडणारच! म्हणून त्यांनी एक पेपर जुन्या पद्धतीला अनुकूल, एक नव्या पद्धतीला अनुकूल, आणि श्रुतलेखन वगैरे तीन पेपर दोहोंनाही तटस्थ असे काढले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे प्रत्येक बाजूची मुले आपापल्या पेपरांत सरस ठरली, आणि तटस्थ पेपरांत मुख्यतः प्रभूंची मुले पुढे राहिली. ह्या निष्कर्षावर वसतिगृहाच्या गच्चीवर रात्री बारा-बारा वाजेपर्यंत वाद होत. कोण जिंकले ह्यापेक्षा पेपर कोणत्या बाजूने काढला ह्यावर कोण जिंकणार ते ठरते, ही गोष्ट आम्हांस त्या गच्चीवर प्रथम कळली, आणि आपण जन्मभर हेच करावयाचे असे आम्ही तेथेच ठरविले. तारुण्यातील निश्चय बहुधा गच्चीवरच होतात.

पुढे २००० साली महाराष्ट्र सरकारने मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्या वेळी शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे होते. ह्या निर्णयावर जी धुमश्चक्री उडाली ती येथे सांगण्याचे प्रयोजन नाही; दोन्ही पक्षांत आमचे मित्र होते. आमच्यापुरते इतकेच की एका वर्षात मोजमापाला लाखो मुले उपलब्ध झाली. संशोधकाला ह्याहून मोठा पाऊस कोणता?

२००२ च्या एप्रिलात आमच्याकडे एका मराठी शाळेचे मुख्याध्यापक आले. पहिली तुकडी आता दुसरी संपवीत होती. तिसरीपासून गणित इंग्रजीतून शिकविण्याचा एक वर्ग काढावा, त्यात निवडक मुले घ्यावीत, आणि निवड करण्यासाठी तुम्ही एक तोंडी परीक्षा बसवून द्यावी, असे त्यांचे म्हणणे. आम्ही आनंदाने होकार दिला. तीस प्रश्न, तीस गुण, अठरा गुणांना वर्गात प्रवेश. अठराच का, ते आम्हांस आज सांगता यावयाचे नाही; वर्गात बाके किती आहेत ह्यावरून तो आकडा निघाला असावा. बाईंनी मुलाला एक-एक चित्र दाखवावे, इंग्रजीत प्रश्न विचारावा, आणि मुलाने काय म्हटले ते समासात लिहून गुण द्यावा, अशी योजना होती. चित्रे आम्ही एका विलायती पुस्तकातून काळ्या रेघांनी उतरवून घेतली. परीक्षा झाली, याद्या लागल्या, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आम्ही अभ्यासासाठी घरी आणला.

आता आमच्या धंद्यातील एक साधी युक्ती सांगितली पाहिजे. सर्व पत्रिका एकूण गुणांच्या क्रमाने लावावयाच्या. वरचा तिसरा हिस्सा एकीकडे, खालचा तिसरा हिस्सा दुसरीकडे. मग एकेका प्रश्नाकडे पाहावयाचे: वरच्या गटात तो कितींना आला, खालच्यात कितींना? प्रश्न चांगला असेल तर वरच्यांना अधिक येतो. दोघांनाही सारखाच येत असेल तर तो प्रश्न विचारणे न विचारणे सारखेच. आणि क्वचित असा एखादा प्रश्न सापडतो की जो खालच्यांना येतो आणि वरच्यांना चुकतो. असा प्रश्न सापडला की समजावे, चूक मुलांची नसून आपली आहे.

आमच्या पेपरात तो सातवा प्रश्न होता. एक गोल फळ, देठाशी एक पान. हे काय आहे? उत्तर: ऑरेंज. नागपुरातील पोराला ह्याहून सोपा प्रश्न कोणता, असे म्हणून तो आम्ही मुद्दाम घातला होता! खालच्या गटातील मुलांनी भिंतीवरच्या अक्षरमालेत 'ओ'पुढे जे पाठ केले होते ते म्हणून टाकले आणि गुण मिळविला. वरच्या गटातील बरीच मुले चुकली. समासात बाईंच्या अक्षरात पुनःपुन्हा एकच शब्द दिसू लागला: मोसंबी, मोसंबी, मोसंबी.

आम्ही चित्र पुन्हा काढून पाहिले, आणि रात्री साडेदहा वाजता एकटेच मोठ्याने हसलो. आमच्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते. फळ हातात घेतले की ती आतल्या फोडींपासून सुटी झालेली जाणवते, आणि देठापाशी बहुधा थोडी उंच आलेली असते. चित्रातील फळ मात्र घट्ट सालीचे, चेंडूसारखे गोल. रंग नव्हताच. मुलांनी चित्र नीट पाहिले होते. ज्यांनी पाहिले नाही त्यांना गुण मिळाला होता.

गोष्ट येथे संपती तर ती एक गंमत म्हणून सांगण्यासारखी होती. अनेक वर्षे आम्ही ती तशीच सांगत आलो. परंतु गठ्ठ्यात एक पत्रिका होती, तिच्या सातव्या प्रश्नासमोर बाईंनी प्रामाणिकपणे लिहिले होते: "ऑरेंज नाही, मोसंबी आहे." गुण शून्य. एकूण गुण सतरा.

ह्या मुलाला ऑरेंज हा शब्द ठाऊक होता. तो कोणत्या फळाचा आहे हे ठाऊक होते. समोरचे फळ ते नव्हे, हे त्याला दिसत होते, आणि तसे सांगण्याचे धैर्यही त्याच्या अंगी होते. सबंध परीक्षेत ह्याहून चांगले उत्तर दुसऱ्या कोणी दिले नव्हते. आम्ही दुसऱ्या दिवशी बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "अहो, तो गोकुळपेठ बाजारातल्या फळवाल्याचा मुलगा. त्याला फळे कोण शिकवणार?"

आणखी एक गोष्ट आम्हांस बऱ्याच उशिरा समजली. नागपूरचे संत्रे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मँडरिन जातीचे. विलायतेत ज्याला ऑरेंज म्हणतात ते घट्ट सालीचे गोड फळ, आणि आपली मोसंबी त्याच जातीची. म्हणजे चित्रातील फळ ऑरेंज होते हेही खरे, आणि ते मोसंबी होते हेही खरे. खोटे काय होते तर नागपुरी संत्रे व ते चित्र एकच, ही आमची समजूत. अमरावती मार्गावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आमच्या घरापासून फार दूर नाही. तेथे जाऊन विचारावे असे पेपर काढताना आमच्या मनात आले नाही. इंग्रजीचा प्रश्न फळांच्या लोकांना कोण विचारतो?

मुख्याध्यापकांकडे आम्ही गेलो, हे खरे. प्रश्न सदोष आहे, तो रद्द करून एकोणतीस गुणांवर यादी पुन्हा लावावी, असे आम्ही सांगितले. ते म्हणाले की यादी लागून आठ दिवस झाले, पालकांनी फी भरली, आता एकाला घेतले तर दहाजण दारात उभे राहतील; आणि शेवटी, सतरा म्हणजे सतरा. सतरा व अठरा ह्यांत खरे पाहता काही अंतर नसते. तेच मूल, तोच पेपर, परंतु उद्या सकाळी दिला, पोट भरलेले असताना दिला, दुसऱ्या बाईंनी विचारला, तर दोन-तीन गुण सहज इकडचे तिकडे होतात. प्रत्येक मापात एवढा प्रमाद असतोच, व त्याचे गणितही आहे. हे गणित आम्हांस मुखोद्गत होते. आम्ही ते त्यांच्यापुढे मांडावयास हवे होते. आम्ही चहा घेतला आणि "बरे आहे" असे म्हणून उठलो.

त्यानंतर आम्ही काय केले? आम्ही त्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. तो परिषदेत वाचला, लोक हसले, टाळ्या पडल्या, पुढे तो छापला गेला, आणि बालकांच्या परीक्षेतील जाणकार म्हणून आमचे जे काही नाव झाले त्याची सुरुवात तेथून झाली. निबंधात त्या मुलाचे उत्तर ठळक अक्षरांत होते. त्याला वर्गात घेतले नाही, हे निबंधात नव्हते. त्याचा मुद्द्याशी संबंध नव्हता.

पुढील वर्षांत केंब्रिजच्या लहान मुलांच्या परीक्षा आमच्याकडेही परिचयाच्या झाल्या. त्या १९९७ साली निघाल्या, तीन पायऱ्यांच्या. त्यांत एक गोष्ट आम्हांस मनापासून आवडली. त्यांत कोणी नापास होत नाही. ऐकणे, वाचन-लेखन व बोलणे ह्या तिहींसाठी एक ते पाच ढाली छापून येतात, आणि कितीही कमी असल्या तरी प्रमाणपत्र मिळतेच. मुलाने ऐकून चित्रात सांगितलेला रंग भरावयाचा, हाही एक प्रश्न असतो. रंग भरणाऱ्या मुलाला आपली परीक्षा चालली आहे ह्याचा विसर पडतो. ही सर्व रचना मुलाला भय वाटू नये म्हणून. परंतु धरमपेठेपुढे केंब्रिजचे काय चालणार! आमच्या शेजारच्या एका मुलीला अकरा ढाली मिळाल्या. तिच्या वडिलांनी पाच त्रिक पंधरा करून जागच्या जागी त्र्याहत्तर टक्के काढले, आणि "इतके कमी कसे?" म्हणून तिला विचारले. आजीने मात्र ढाली मोजून, तलवार कोठे आहे असे विचारले. घरात तेवढे एकच शहाणे माणूस होते.

ऑस्ट्रेलियातील पेनी मॅके ह्यांचे बालकांच्या भाषामापनावरील पुस्तक २००६ साली निघाले, आणि आम्ही ते मुद्दाम मागवून घेतले. मूल वाढत असते, त्याचे लक्ष थोडा वेळच टिकते, आणि अपयशाचा घाव त्याला प्रौढाहून खोल लागतो, हे तीन मुद्दे त्यांनी मोठ्या कळकळीने मांडले आहेत. आम्ही त्यात आपल्याकडचा एक चौथा घालू. आपल्याकडे मोठ्या माणसासमोर मुलाने न बोलणे हे चांगले वळण समजतात. तोंडी परीक्षेत अनोळखी गृहस्थ समोर बसून प्रश्न विचारतो, आणि मूल खाली पाहते. आईने शिकविले तेच ते करीत असते. आमच्या तक्त्यात त्या शांततेसाठी एकच घर असे: शून्य. पुष्कळ मुलांचे नाव, गाव, इयत्ता हे पाठ असते व ते घडाघडा येते, त्यानंतर "तुझ्या घरी मांजर आहे का?" एवढे विचारले की गाडी थांबते. अशा वेळी आम्ही पुढेपुढे एक करू लागलो. मांजर मराठीत विचारावयाचे, मूल हसले की इंग्रजीत. नियमांत ते बसत नसे. आमच्या उत्तरवयातील बरीचशी मापे नियमांत बसत नाहीत.

ह्या बाबतीत ज्यांच्याकडून आम्ही सर्वांत अधिक शिकलो, ते कोणी पंडित नव्हते. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' ह्या संस्थेच्या आधाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी खेड्यापाड्यांतून होत आली आहे. काही वर्षी तीत इंग्रजीही पाहतात. २०१६ साली आम्ही हौसेने नागपूर जिल्ह्यातील एका गावी त्यांच्या स्वयंसेवकांबरोबर गेलो. कॉलेजातली दोन पोरे, हाती एक कागद. कागदावर मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द, चार सोपी वाक्ये. शाळेत नव्हे, मुलाच्या घरी, ओसरीवर, मुलाच्या शेजारी जमिनीवर बसून. कोणते शब्द वाचावयाचे ते मुलाने निवडावे. आणि वाचून झाल्यावर "ह्याचा अर्थ तुझ्या भाषेत सांग" म्हणावयाचे. आम्ही पंधरा वर्षे ज्या कोड्यावर निबंध लिहीत होतो त्याचे हे उत्तर एका कागदावर मावले होते. आमच्या २००२ च्या परीक्षेत मराठी शब्द म्हणजे शून्य. येथे मराठी शब्द हाच समजल्याचा पुरावा!

आकडे मात्र मन प्रसन्न करणारे नाहीत. ग्रामीण भारतात पाचवीच्या ज्या मुलांना सोपी इंग्रजी वाक्ये वाचता येतात त्यांचे प्रमाण २०१६ साली शेकडा २४.७ होते, २०२२ साली २४.५. आठवीत ते ४५.३ वरून ४६.७ झाले. ह्या आकड्यांवरून इंग्रजी लवकर सुरू करावे की उशिरा, असा वाद पुन्हा करणाऱ्यांना आम्ही अडविणार नाही. आम्हांस त्या गावची एक मुलगी आठवते. तिने चारही वाक्ये ठसक्यात वाचली आणि अर्थ विचारताच म्हणाली, "अर्थ बाईंना माहीत आहे."

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाची अथवा पालकांची कसोटी घेण्यास मनाई केली. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत व पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंडही सांगितला. हा कायदा आला तेव्हा आमच्या काही सहव्यवसायींना आपल्या शास्त्राचा अपमान झालासा वाटला. आम्हांस हायसे वाटले. आमची ती परीक्षा प्रवेशाची नसून वर्ग निवडण्याची होती, तेव्हा ह्या कलमाखाली ती बहुधा आलीही नसती. तथापि माणसास हायसे वाटण्यासाठी कायद्याची नेमकी भाषा लागत नाही.

गोकुळपेठ बाजारातील त्या फळवाल्याकडून आम्ही गेली वीसाहून अधिक वर्षे फळे घेतो. प्रथम गेलो ते मुद्दाम, सर्व सांगून टाकावे म्हणून. त्या दिवशी गिऱ्हाईक फार होते. मग दुसऱ्या दिवशी गेलो. मग सवय लागली. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृगाची उन्हाळ्याच्या आरंभी, असे करीत वर्षे गेली. मुलगा बारावी झाला, पुढे बुटीबोरीस एका कारखान्यात लागला, त्याचे लग्न झाले, हे सर्व आम्हांस तराजूच्या पलीकडून कळत गेले. इंग्रजी गणिताचा वर्ग मिळता तर त्याचे आणखी काही झाले असते की नाही, हे सांगणारे माप आमच्यापाशी नाही. नसते झाले असे म्हणून आम्ही पुष्कळदा झोपी गेलो आहो.

गेल्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा त्यांनी गल्ल्याखालून एक घडी घातलेला कागद काढला. नातीच्या शाळेतून आला होता, पहिलीतल्या. इंग्रजीच्या प्रगतीचा तक्ता, सगळा इंग्रजीत. मुलगा रात्रपाळीला गेला होता.

"गुरुजी, हे जरा वाचून द्या न. पोट्टी पास हाये ना जी?"

आम्ही चष्मा लावला. तक्त्यात पास-नापास असे काहीच नव्हते. आजकाल नसतेच, तसे नसावे म्हणून आम्हीच जन्मभर लिहीत आलो. चार रकाने होते, आणि प्रत्येकात दोन-दोन ओळींची वाक्ये, आमच्यासारख्यांनीच घडविलेली. त्यांतले एक तर आम्हांस फारच ओळखीचे वाटले. ओळखीच्या शब्दांना मूल प्रतिसाद देते. अनोळखी प्रसंगी आधाराची गरज भासते. आम्ही ते मनात मराठी करून पाहिले. पुन्हा करून पाहिले. फळवाले आमच्या तोंडाकडे पाहत होते, आणि मागे एक बाई डझनाचा भाव विचारीत उभ्या होत्या.

"अजून बोलायला लाजते," आम्ही म्हणालो. "पण ऐकून समजते तिला."

"हां, थे लाजतेच," ते म्हणाले, आणि कागदाची पूर्वीचीच घडी घालून तो गल्ल्याखाली ठेवीत त्यांनी त्या बाईंना भाव सांगितला.